तिसऱ्याच्या गैरहजेरीत : गिहोनचा सामना आणि एका नियमाचा जन्म

विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचे वेळापत्रक बारकाईने पाहणाऱ्यास एक गोष्ट सहज ध्यानात येते. गटातील सुरुवातीचे सामने निरनिराळ्या वेळी ठेवलेले असतात. परंतु प्रत्येक गटाचे शेवटचे दोन सामने मात्र एकाच दिवशी, एकाच घटकेला सुरू होतात. दोन्ही सामने पाहू इच्छिणाऱ्या रसिकाची त्यामुळे पंचाईत होते. एक सामना पाहावा तर दुसरा हुकतो. दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण करणाऱ्यांनाही एकाच वेळी दोन सामने दाखविणे सोयीचे नसते. तरीही १९८६ पासून हा शिरस्ता पाळला जात आहे.

इतक्या जणांची गैरसोय करणारा हा नियम कोणी आणि कशासाठी केला? त्याचे उत्तर शोधू गेल्यास आपण स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील गिहोन या बंदराच्या गावी, १९८२ सालच्या जून महिन्यात जाऊन पोहोचतो. तेथे २५ जून रोजी जे घडले, त्यात कोणताही लिखित नियम मोडला गेला नव्हता. पंचाने कोणाला मैदानाबाहेर काढले नाही, कोणावर दंड बसला नाही, निकालही फिरविला गेला नाही. आणि तरीही त्या दिवशी एका संघावर अन्याय झाला, असे त्या सामन्याचे प्रेक्षक, वार्ताहर आणि पुढील पिढ्यांतील क्रीडारसिक एकमुखाने म्हणत आले आहेत. नियम न मोडताही अन्याय कसा होऊ शकतो, हे समजून घेण्यासाठी या प्रकरणाकडे पुन्हा एकदा पाहणे उद्बोधक ठरेल.

गटसाखळीची घडण

पहिली विश्वचषक स्पर्धा १९३० साली उरुग्वे देशात झाली. तेरा संघ आले होते. त्यांचे चार गट पाडण्यात आले आणि प्रत्येक गटातील पहिला संघ उपांत्य फेरीत गेला. पुढील दोन स्पर्धा, म्हणजे १९३४ ची इटलीतील आणि १९३८ ची फ्रान्समधील, सरळ बाद पद्धतीने खेळविल्या गेल्या. त्यातील तोटा लगेच दिसून आला. ब्राझील आणि आर्जेन्टिना यांचे संघ १९३४ साली अटलांटिक महासागर ओलांडून इटलीत आले, एकेक सामना हरले आणि परतीच्या वाटेला लागले. इतक्या लांबच्या प्रवासाचे फळ अवघा दीड तास! गटसाखळीचा मूळ हेतू हाच, की आलेल्या पाहुण्याला एका पराभवावर परत पाठवू नये. त्याला सावरण्याची संधी मिळावी.

महायुद्धानंतर १९५० साली ब्राझीलमध्ये गट पुन्हा आले. त्या स्पर्धेच्या इतिहासात आपल्या देशाचेही नाव आहे. पात्रता फेरीतील प्रतिस्पर्धी देशांनी माघार घेतल्यामुळे भारताला प्रवेश मिळाला होता आणि इटली, स्वीडन व पॅराग्वे यांच्या गटात त्याचे नाव पडले होते. भारताने संघ पाठविला नाही. अनवाणी खेळण्यास परवानगी नाकारली म्हणून आपण गेलो नाही, ही कथा आपल्याकडे लोकप्रिय आहे. त्या काळचे नामवंत खेळाडू शैलेन मन्ना यांनी मात्र पुढे ती फेटाळली. आपल्या फुटबॉल संघटनेच्या लेखी तेव्हा ऑलिम्पिकचे महत्त्व अधिक होते आणि ब्राझीलचा सागरी प्रवासही फार लांबचा होता. अशा माघारींमुळे त्या वर्षी एका गटात तीन, तर दुसऱ्या एका गटात केवळ दोनच संघ उरले. त्या दोन संघांच्या गटात उरुग्वेने बोलिव्हियाचा ८–० असा पराभव केला, एवढ्या एका सामन्यावर ते पुढे गेले आणि अखेरीस जगज्जेतेही झाले.

पुढील काळात गटांची घडी हळूहळू बसत गेली. चार संघांचा गट, प्रत्येकाची इतर तिघांशी एकेक लढत आणि पहिल्या दोघांना पुढची वाट, ही रचना रूढ झाली. दोन संघांचे गुण सारखे झाल्यास काय करावे, हा प्रश्न मात्र वारंवार छळत राहिला. १९५८ साली अशा संघांना आणखी एक सामना खेळावा लागे. १९६२ साली केलेल्या व स्वीकारलेल्या गोलांचे गुणोत्तर पाहण्यात आले. १९७० पासून गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून स्वीकारलेले गोल वजा करून उरणारी संख्या, हा निकष आला. हिशेब सोपा झाला. परंतु हिशेब जितका सोपा, तितका तो आधी मांडून ठेवणेही सोपे, हे तेव्हा फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

कारण एका गटाचे शेवटचे सामनेही त्या काळी वेगवेगळ्या वेळी, बहुधा वेगवेगळ्या दिवशी होत. जो शेवटी खेळे, त्याच्या हाती इतरांची पुरी उत्तरपत्रिका असे. आपल्याला किती गुण हवेत, किती गोल हवेत आणि किती गोल खाल्ले तरी चालतील, हे त्याला मैदानात पाऊल टाकण्यापूर्वीच ठाऊक असे.

रोसारिओचा इशारा

या दोषाचा पहिला मोठा इशारा १९७८ साली आर्जेन्टिनात मिळाला. दुसऱ्या फेरीच्या एका गटात यजमान आर्जेन्टिना आणि ब्राझील यांच्यात चुरस होती. २१ जून रोजी ब्राझीलने आधी खेळून पोलंडला ३–१ असे हरविले. त्यानंतर संध्याकाळी रोसारिओ येथे आर्जेन्टिनाचा पेरूशी सामना सुरू झाला. अंतिम फेरी गाठण्यासाठी किमान चार गोलांच्या फरकाने जिंकावे लागेल, हे यजमानांना तोवर नेमके कळले होते. त्यांनी सहा गोल केले; पेरूला एकही करता आला नाही. स्पर्धेत एकही सामना न हरलेल्या ब्राझीलला तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले आणि आर्जेन्टिना जगज्जेता झाला.

त्या देशात तेव्हा लष्करी राजवट होती. साहजिकच त्या सहा गोलांविषयी नाना शंका घेतल्या गेल्या आणि आजही घेतल्या जातात. त्यांतील काहीही निर्विवाद सिद्ध झालेले नाही. पण शंका बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरतेच. ब्राझीलने अंधारात परीक्षा दिली आणि आर्जेन्टिनाने उत्तर पाहून. एवढा एक दोष दूर करणे संयोजकांच्या हातात होते. तो दूर झाला नाही. चार वर्षांनी स्पेनमध्ये त्याची किंमत एका नवख्या देशाने मोजली.

अल्जीरियाचे आगमन

स्पेनमधील १९८२ ची स्पर्धा प्रथमच चोवीस संघांची होती. त्यापूर्वी सोळाच संघांना प्रवेश असे. आफ्रिका व आशिया खंडांतील देशांच्या पाठिंब्यावर १९७४ साली फिफाचे अध्यक्ष झालेले ब्राझीलचे जुआंव हॅवेलान्ज यांच्या कारकीर्दीत हा विस्तार झाला. आफ्रिकेला त्यामुळे दोन जागा मिळाल्या. एक कॅमेरूनला आणि दुसरी अल्जीरियाला.

अल्जीरियासाठी फुटबॉल हा निव्वळ खेळ नव्हता. १९५४ ते १९६२ या काळात त्या देशाने फ्रेंच सत्तेविरुद्ध रक्तरंजित स्वातंत्र्ययुद्ध लढले. त्या युद्धाच्या ऐन मध्यावर, १९५८ च्या एप्रिलमध्ये, फ्रान्समधील नामांकित क्लबांतून खेळणारे काही अल्जीरियन खेळाडू गुपचूप देश सोडून ट्युनिस येथे गोळा झाले आणि त्यांनी स्वातंत्र्य चळवळीचा संघ उभा केला. सेंत-एतिएन क्लबचा रशीद मेखलूफी आणि मोनॅकोचा मुस्तफा झितूनी हे त्यांत होते. त्याच वर्षी स्वीडनमध्ये होणाऱ्या विश्वचषकासाठी फ्रान्सच्या संघात या दोघांची निवड अपेक्षित होती. नाव, पैसा आणि सुरक्षित भवितव्य यांवर पाणी सोडून ते एका अशा देशासाठी खेळू लागले, जो अजून नकाशावर आलेलाच नव्हता. फिफाने या संघाला मान्यता दिली नाही. तरीही उत्तर आफ्रिका, पूर्व युरोप आणि आशियातील देशांत तो खेळत फिरला. हाच मेखलूफी १९८२ साली महिद्दीन खालेफ यांच्यासह अल्जीरियाच्या संघाचा मार्गदर्शक होता. देशाच्या स्वातंत्र्याला त्या जुलैमध्ये वीस वर्षे पूर्ण होणार होती.

अल्जीरियाच्या गटात पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रिया आणि चिली हे संघ होते. पश्चिम जर्मनी युरोपचा विजेता होता. या नवख्यांची त्यांनी फारशी दखल घेतली नाही. हरलो तर पहिल्या गाडीने घरी जाईन, अशा अर्थाचे उद्गार प्रशिक्षक युप डेरवाल यांनी काढल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते.

१६ जून रोजी गिहोनच्या एल मोलिनोन मैदानावर दोन्ही संघ समोरासमोर आले. मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही. ५४ व्या मिनिटाला राबाह माजेरने अल्जीरियाचा पहिला गोल केला. ६७ व्या मिनिटाला कार्ल-हाइन्झ रुमेनिगेने बरोबरी साधली. आता बलाढ्य जर्मन सावरतील असे वाटत असतानाच पुढच्याच मिनिटाला लखदर बेलूमीने दुसरा गोल केला. जर्मनी १, अल्जीरिया २. विश्वचषकात आफ्रिकेच्या संघाने युरोपच्या संघाला हरविण्याची ही पहिलीच वेळ होती.

गुणतक्त्याचे गणित

त्यानंतर ऑस्ट्रियाने चिलीवर १–० आणि अल्जीरियावर २–० असे विजय मिळविले. जर्मनीने चिलीला ४–१ असे हरवून स्वतःला सावरले. २४ जून रोजी, जवळच्याच ओव्हिएदो शहरात, अल्जीरियाचा शेवटचा सामना चिलीशी झाला. पहिल्या पस्तीस मिनिटांतच अल्जीरियाने तीन गोल केले. त्यांतील दोन सलाह असादचे होते. उत्तरार्धात मात्र त्यांची पकड सैल झाली आणि चिलीने दोन गोल फेडले. सामना ३–२ असा जिंकून अल्जीरियाने चार गुणांवर आपले काम संपविले. त्या काळी विजयाला दोन गुण मिळत.

आता उरला होता एकच सामना. जर्मनी विरुद्ध ऑस्ट्रिया, तोही दुसऱ्या दिवशी. त्या सकाळी गुणतक्ता असा होता. ऑस्ट्रियाचे चार गुण, गोल तीन केलेले, एकही न खाल्लेला. अल्जीरियाचे चार गुण, गोल पाच केलेले, पाच खाल्लेले. जर्मनीचे दोन गुण, गोल पाच केलेले, तीन खाल्लेले. चिलीचे खाते रिकामे.

या आकड्यांचा अर्थ शाळकरी मुलालाही लावता आला असता. जर्मनी हरली किंवा सामना बरोबरीत सुटला, तर जर्मनी बाहेर. जर्मनी तीन-शून्यने जिंकली, तर ऑस्ट्रिया बाहेर. परंतु जर्मनी एक किंवा दोन गोलांच्या फरकाने जिंकली, तर जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोघेही पुढे आणि अल्जीरिया बाहेर. दोन्ही शेजाऱ्यांना सोयीचा असा एक निकाल होता आणि तो दोघांनाही आधीच ठाऊक होता.

येथे आणखी एक बारकावा नोंदवण्यासारखा आहे. ओव्हिएदोमध्ये अल्जीरियाने उत्तरार्धातील ते दोन गोल खाल्ले नसते आणि सामना ३–० असाच राहिला असता, तर त्यांचा गोलफरक दोन झाला असता. मग एका गोलाने हरलेल्या ऑस्ट्रियाचाही गोलफरक तेवढाच असता आणि अधिक गोल केल्यामुळे अल्जीरियाच पुढे गेला असता. अल्जीरियाच्या खेळाडूंनी त्या दोन गोलांचे शल्य बाळगले असेल तर नवल नाही. पण फरक असा, की त्यांना ते गोल किती महागात पडणार हे तेव्हा माहीत नव्हते. जे त्यांच्यानंतर खेळणार होते, त्यांना सारे माहीत होते.

पंचवीस जून

जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांच्यात फुटबॉलपुरते फारसे सख्य नव्हते. चारच वर्षांपूर्वी आर्जेन्टिनातील कोर्डोबा येथे ऑस्ट्रियाने जर्मनीला ३–२ असे हरवून स्पर्धेबाहेर काढले होते. ऑस्ट्रियात तो विजय सणासारखा साजरा झाला होता. तेव्हा गिहोनला सूडाची लढत पाहावयास मिळेल, असे अनेकांना वाटत होते.

पहिली दहा मिनिटे तसे वाटलेही. जर्मन खेळाडू त्वेषाने चढाई करीत होते आणि दहाव्या मिनिटाला होर्स्ट ह्रुबेशने गोल केला. जर्मनी १, ऑस्ट्रिया ०. दोघांच्याही सोयीचा आकडा फलकावर लागला.

त्यानंतर सामन्यातली धग हळूहळू विझत गेली. मध्यंतरानंतर तर ती उरलीच नाही. चेंडू आपल्याच बचावपटूंमध्ये इकडून तिकडे जाऊ लागला, तेथून गोलरक्षकाकडे, गोलरक्षकाकडून पुन्हा बचावपटूंकडे. प्रतिस्पर्धी दूर उभे राहून पाहत. कोणी चेंडू हिसकावून घेण्यासाठी धावत नव्हते. एखाददुसरा खेळाडू कधी चढाईचा आव आणी, पण त्याच्या मागे कोणी जात नसे. स्कॉटलंडचे पंच बॉब व्हॅलेंटाईन यांना करण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. चेंडू गोलरक्षकाकडे मागे देणे हा त्या काळी गुन्हा नव्हता. गोलरक्षक तो हातातही घेऊ शकत असे. मंद खेळणे हाही नव्हता.

प्रेक्षकांच्या ध्यानात सारे आले. स्पॅनिश प्रेक्षक 'बाहेर व्हा' असे ओरडू लागले. दोन्ही संघांनी आता एकमेकांचे मुके घ्यावेत, अशी कुचेष्टाही झाली. अल्जीरियाच्या नावाचा घोष झाला. मैदानात आलेले अल्जीरियन पाठीराखे नोटा उंच धरून खेळाडूंना दाखवू लागले. जर्मन दूरचित्रवाणीवरील समालोचक एबरहार्ड श्टान्येक यांनी काही काळ सामन्याचे वर्णन करण्यास नकार दिला. ऑस्ट्रियाचे समालोचक रॉबर्ट सीगर यांनी तर प्रेक्षकांना दूरचित्रवाणी संच बंद करण्याचा सल्ला दिला. हे विशेष आहे, कारण दोघेही आपापल्या देशाचा संघ पुढे जात असताना बोलत होते. गिहोनच्या 'एल कोमेर्सिओ' या स्थानिक वृत्तपत्राने सामन्याचे वृत्त क्रीडापृष्ठावर न छापता गुन्हेविषयक बातम्यांत छापल्याचे सांगितले जाते. सामना १–० असाच संपला. जर्मनीतही तो आजवर 'गिहोनची नामुष्की' या नावानेच ओळखला जातो.

तक्रार आणि तिचा निकाल

अल्जीरियाच्या फुटबॉल संघटनेने फिफाकडे तक्रार केली. ती फेटाळण्यात आली. कायद्याच्या दृष्टीने याहून वेगळा निर्णय देणे कठीणच होते. दोन्ही संघांत आगाऊ बोलणे झाले होते काय? तसा कागद नव्हता, साक्षीदार नव्हता. खरे तर बोलण्याची गरजही नव्हती. एकच तक्ता दोघांनी वाचला होता आणि एकाच निष्कर्षावर दोघे आले होते. आवश्यक तेवढेच खेळून पुढील फेरीसाठी शक्ती राखून ठेवणे हे खेळात नेहमीच चालते, असा युक्तिवाद त्यांच्या बाजूने करता येतो आणि तेव्हा तो केलाही गेला.

तो युक्तिवाद सहज झटकून टाकता येण्यासारखा नाही. लांबणाऱ्या स्पर्धेत प्रत्येक संघ कुठे ना कुठे हात राखून खेळतो. परंतु हात राखून खेळणे आणि प्रतिस्पर्ध्याशी न बोलता संधी करणे यांत अंतर आहे. सामना म्हणजे दोघांनी एकमेकांचा कस पाहणे. त्या कसावर तिसऱ्याचाही विश्वास असतो. अल्जीरियाने आपले सर्व सामने खेळून आपले भवितव्य त्या दोघांच्या प्रामाणिक झुंजीवर सोपविले होते. झुंजच झाली नाही. आपल्याकडे बहिणीच्या गैरहजेरीत दोन भावांनी वाटणीचा कागद करावा आणि वर 'आम्ही कुठे भांडलो?' असे म्हणावे, तसाच हा प्रकार. भांडण झाले नाही हे खरे. पण ज्याची बाजू मांडायला कोणी नव्हते, त्याचा हिस्सा गेला हेही खरे.

त्या स्पर्धेत आफ्रिकेच्या वाट्याला आणखी एक विलक्षण निराशा आली. कॅमेरूनने पेरू, पोलंड आणि इटली या तिघांशीही बरोबरी साधली. ते एकही सामना हरले नाहीत. इटलीनेही तिन्ही सामने बरोबरीत सोडविले. इटलीचे गोल दोन, कॅमेरूनचा एक. त्या एका गोलावर कॅमेरून घरी गेले आणि इटली पुढे जाऊन जगज्जेती झाली. पण कॅमेरूनने त्याबद्दल कोणाला दोष दिला नाही, कारण त्यांचा हिशेब मैदानावर उघडपणे झाला होता. हरणे आणि फसविले जाणे यांतला भेद या दोन आफ्रिकी संघांच्या कहाण्या शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे स्पष्ट होतो.

जर्मनीला त्या दिवसाचा लाभ झाला काय? झाला. ते अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि तेथे ११ जुलै रोजी माद्रिदमध्ये इटलीकडून ३–१ असे हरले. ऑस्ट्रिया दुसऱ्या फेरीतच थांबला. आणि अल्जीरिया? त्यांचा बचावपटू शाबान मर्झेकान याने पुढे सांगितले, की दोन मोठ्या संघांना आम्हाला बाहेर काढण्यासाठी स्वतःला इतके खाली आणावे लागले, हा आम्ही आमचा गौरवच मानला.

नियम जन्मला, तरी

तक्रार फेटाळली गेली, पण तिची नोंद घेतली गेली. १९८६ साली मेक्सिकोमध्ये झालेल्या पुढील विश्वचषकात प्रत्येक गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू झाले. अल्जीरियाला स्वतःला त्याचा काहीही लाभ झाला नाही. त्या स्पर्धेतही ते पहिल्याच फेरीत बाद झाले. न्याय कधी कधी असाच येतो. ज्याचे गेले त्याला परत मिळत नाही. मागून येणाऱ्याचे मात्र जात नाही.

पण हा नियम सर्व काही साधतो, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. २००४ च्या युरोपीय स्पर्धेत डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यात २–२ अशी बरोबरी झाली, तर इटली दुसऱ्या सामन्यात काहीही करो, हे दोघेच पुढे जाणार होते. दोन्ही सामने एकाच वेळी सुरू झाले आणि निकाल नेमका २–२ लागला. इटली बल्गेरियाला हरवूनही बाहेर पडली. लबाडीचा पुरावा नव्हता. झालेले गोलही झगडूनच झाले होते. २०१८ साली रशियात जपान आणि सेनेगल यांचे गुण, गोलफरक आणि गोल सारे सारखे झाले. कमी पिवळी कार्डे मिळाल्यामुळे जपान पुढे गेला. शिस्तीचा हा निकष ऐकावयास चांगला. परंतु पोलंडविरुद्ध ०–१ असे मागे असताना दुसऱ्या मैदानावर सेनेगल हरत असल्याचे कळले, तेव्हा जपानने शेवटची काही मिनिटे चेंडू आपापसांत फिरवून काढली. पोलंडनेही त्यांना छेडले नाही. प्रेक्षकांनी गिहोनसारखीच हुर्यो उडविली. एकाच वेळी खेळविले तरी दुसरीकडची बातमी भिंत ओलांडून येतेच. फरक इतकाच, की ती बातमी अखेरच्या क्षणापर्यंत पालटू शकते. सेनेगलने एक गोल केला असता, तर जपानचे गणित कोसळले असते. गिहोनमध्ये तो धोका कोणालाच नव्हता.

हा धोका काय करू शकतो, याचे दर्शन २०२२ साली कतारमध्ये घडले. १ डिसेंबरच्या रात्री एका गटाचे दोन सामने सुरू असताना काही मिनिटे जर्मनी आणि स्पेन हे दोन्ही माजी जगज्जेते बाहेर आणि जपान व कोस्टा रिका आत, अशी स्थिती झाली होती. अखेर जर्मनी सामना जिंकूनही बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी दक्षिण कोरियाने पोर्तुगालला २–१ असे हरविले आणि त्यांचे खेळाडू मैदानातच उभे राहून उरुग्वे–घाना सामना संपण्याची वाट पाहत राहिले. उरुग्वेला आणखी एक गोल हवा होता. तो झाला नाही. अधिक गोल केल्यामुळे कोरिया पुढे गेला.

या दोन रात्रींचे महत्त्व एवढ्यावरच संपत नाही. २०१७ साली फिफाने २०२६ पासून अठ्ठेचाळीस संघ घेण्याचे आणि त्यांचे तीन-तीन संघांचे सोळा गट करण्याचे ठरविले होते. तीन संघांच्या गटात शेवटचा सामना सुरू असताना एक संघ नेहमीच बाहेर बसलेला असतो. म्हणजे गिहोनची परिस्थिती अपवाद न राहता नियमच बनली असती! कतारमधील अनुभवानंतर, १४ मार्च २०२३ रोजी किगाली येथील बैठकीत तो बेत रद्द करण्यात आला आणि चार-चार संघांचे बारा गट ठरले. सामन्यांची संख्या १०४ वर गेली. आपापसांत संगनमत होण्याचा धोका कमी व्हावा, हे त्यामागचे एक कारण म्हणून फिफानेच जाहीर केले. तिसऱ्या क्रमांकाच्या आठ संघांनाही पुढे नेण्याची सोय ठेवल्यामुळे, ज्यांचा गट उशिरा संपतो त्यांना इतरांचे आकडे आधी कळतात, हा दोष मात्र उरलाच आहे.

अल्जीरियाच्या वाट्याला काळाने काही भरपाई दिली. राबाह माजेरने १९८७ साली पोर्तो क्लबकडून युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात टाचेने मारलेला गोल आजही सांगितला जातो. तो गोल बायर्न म्युनिक या जर्मन क्लबविरुद्ध, ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात झाला होता. २०१४ साली ब्राझीलमध्ये अल्जीरियाचा संघ प्रथमच बाद फेरीत पोहोचला, तेव्हा समोर जर्मनीच उभी ठाकली. नव्वद मिनिटे अल्जीरियाने त्यांना गोल करू दिला नाही. जादा वेळेत ते १–२ असे हरले. जर्मनी पुढे जगज्जेती झाली. ३० जूनच्या त्या रात्री पोर्तो अलेग्रेच्या मैदानावर शेवटच्या क्षणापर्यंत कोणी कोणाला सवलत दिली नाही. बत्तीस वर्षांपूर्वी अल्जीरियाने मागितले होते ते इतकेच. आणि २०२६ च्या स्पर्धेसाठी डिसेंबर २०२५ मध्ये सोडत निघाली, तेव्हा अल्जीरिया आणि ऑस्ट्रिया ही दोन नावे पुन्हा एकाच गटात पडली.

नियम माणसाला प्रामाणिक बनवू शकत नाही. पण अप्रामाणिकपणाची वाट तो अवघड करू शकतो आणि गैरहजर असलेल्याचे रक्षण करू शकतो. यापुढे गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू झाले आणि कोणता पाहावा असा प्रश्न घरात पडला, तर त्या गैरसोयीबद्दल कुरकुर करण्यापूर्वी ओव्हिएदोमध्ये आपले काम संपवून हात बांधून बसलेल्या त्या अकरा जणांची आठवण ठेवावी. ती गैरसोय त्यांच्यामुळे आहे, आणि ती आपण आनंदाने सोसावी अशीच आहे.